जेसन टॉड कुठून वाचावा: १९८८ चं मरण आधी, की २००५ चं परतणं?

बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, म्हणजे त्याचा दुसरा लहानगा साथीदार, जेसन टॉड, हल्ली बहुतेकांना आधी भेटतो तो 'रेड हूड' म्हणून. डोक्यावर लाल शिरस्त्राण, दोन्ही हातांत पिस्तुलं आणि मनात बॅटमॅनवर धुमसणारा राग. कुणी त्याला २०१५ च्या 'आर्कम नाइट' गेममध्ये पाहिलेलं असतं, कुणी 'टायटन्स' मालिकेत. मग मूळ गोष्ट वाचावीशी वाटते, आणि शोधायला लागलं की दोन नावं समोर येतात. एक 'अ डेथ इन द फॅमिली', १९८८ च्या अखेरीस आलेली चार अंकांची कथा, जिच्यात जेसन मरतो. दुसरी 'अंडर द हूड', २००५-०६ मधली, जिच्यात तो परत येतो. या दुसरीवरून २०१० मध्ये 'अंडर द रेड हूड' हा ॲनिमेटेड चित्रपटही निघाला. तिन्ही इंग्रजीत आहेत आणि पुस्तकं स्वस्त नाहीत, त्यामुळे आधी काय घ्यावं हा प्रश्न रास्त आहे.

माझं मत आधीच सांगून ठेवते. १९८८ च्या कथेचे पहिले दोन अंक आधी वाचा, मग २०१० चा चित्रपट बघा, आणि २००५ चं पुस्तक त्यानंतर. प्रत्यक्षात बरेच जण याच्या उलट करतात. थेट चित्रपटापासून सुरुवात होते आणि १९८८ ची कथा जुनी, भडक म्हणून बाजूला पडते. ती जुनी आहेच, भडकही आहे. पण जेसन नावाचं पोर तिथे जितकं जवळून दिसतं तितकं पुढे कुठेच दिसत नाही. परत आलेल्या तरुणाचा राग कळायला हवा असेल, तर आधी त्या पोराशी ओळख झालेली असावी लागते.

दोन्ही पुस्तकांच्या आधीचा जेसन

तो पहिल्यांदा आला १९८३ मध्ये, 'बॅटमॅन' मासिकाच्या ३५७ व्या अंकात. जेरी कॉन्वे आणि डॉन न्यूटन यांनी घडवलेला हा जेसन पहिल्या रॉबिनची, म्हणजे डिक ग्रेसनची, जवळजवळ नक्कल होता. सर्कशीत कसरती करणारं कुटुंब, आईवडील गुन्हेगाराच्या हातून मेलेले, बॅटमॅनने घरी आणलेलं पोर. १९८७ मध्ये ४०८ व्या अंकात मॅक्स ॲलन कॉलिन्सने पाटी कोरी करून त्याची गोष्ट नव्याने लिहिली. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो हा दुसरा जेसन.

त्याची पहिली भेट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या क्राइम ॲलीत ब्रूस वेनचे, म्हणजे बॅटमॅनचे, आईवडील गोळ्या लागून पडले, तिथे बॅटमोबाइल उभी असते आणि एक पोरगा तिची चाकं खोलत असतो. त्याचा बाप विलिस टू-फेसच्या टोळीत होता आणि टू-फेसच्याच हातून मेला. आई कॅथरीन नशेपायी गेली. पोरगा पडक्या इमारतीत एकटा राहतो आणि चाकं विकून पोट भरतो. साक्षात बॅटमॅन समोर उभा राहिला तरी तो हातातली चाक खोलायची टॉमी त्याला हाणतो आणि मगच पळतो. पुढे याच मुलावर जोकरने लोखंडाने घाव घातले हे ठाऊक असताना ही पानं वाचली, की तो पहिला फटका फार वेगळा वाटायला लागतो.

नंतर जिम स्टार्लिनने त्याला आणखी तापट केला. १९८८ च्या ४२४ व्या अंकात फेलिपे गार्झोनास नावाचा बलात्कारी आहे. बाप परदेशी राजदूत, त्यामुळे कायदा त्याला हात लावू शकत नाही, आणि त्याने छळलेली मुलगी गळफास घेते. जेसन बॅटमॅनच्या आधी त्याच्या बाल्कनीत पोहोचतो. पुढच्या चौकटीत फेलिपे खाली कोसळत असतो. पडला की ढकलला, असं बॅटमॅन विचारतो. तो दचकला असेल, घसरला असेल, एवढंच जेसन म्हणतो. खरं काय ते स्टार्लिन सांगत नाही. हा अंक या दोन्हींपैकी कुठल्याच कथेचा भाग नाही, तरी दोन्हींना जोडणारा तोच आहे: २००५ चा खुनी जेसन आकाशातून पडलेला नाही, हे त्या बाल्कनीत दिसतं.

आणखी एक गोष्ट. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये म्हातारा बॅटमॅन रंगवला तेव्हा जेसन मेलेला आहे असं आधीच लिहून टाकलं होतं. मासिकात तो तेव्हा चांगला जिवंत होता. त्याचं मरण त्याच्या आधी दोन वर्षं हवेत होतं.

१९८८: आई शोधायला निघालेलं पोर

'अ डेथ इन द फॅमिली' 'बॅटमॅन'च्या ४२६ ते ४२९ या अंकांत आली. लेखन स्टार्लिनचं, चित्रं जिम अपारोची, शाई माइक डीकार्लोची आणि मुखपृष्ठं माइक मिन्योलाची. सुरुवात होते लहान मुलांची अश्लील छायाचित्रं विकणाऱ्या टोळीवरच्या छाप्याने. बॅटमॅन थांब म्हणतो, जेसन थांबत नाही, सरळ गोळ्यांच्या तोंडी उडी घेतो. या मुलाला आईवडिलांच्या मरणाचं दुःख करायला उसंतच मिळालेली नाही हे ब्रूसच्या ध्यानात येतं आणि तो त्याला काही काळ घरी बसायला सांगतो.

चिडलेला जेसन पायी भटकत आपल्या जुन्या वस्तीत जातो. तिथे शेजारची बाई त्याला ओळखते आणि त्याच्या घरच्या कागदांचा जपून ठेवलेला खोका हातात देते. जन्मदाखल्यावरचं आईचं नाव पाण्याने पुसलं गेलंय. वाचता येतं ते फक्त पहिलं अक्षर, 'एस'. कॅथरीनच्या नावाचं ते अक्षर नाही. म्हणजे जिने वाढवलं ती वेगळी आणि जिने जन्म दिला ती वेगळी. बापाच्या पत्त्यांच्या वहीत 'एस'च्या तीन बायका सापडतात: इस्रायली हेर शर्मिन रोझेन, मारेकरी लेडी शिवा, आणि इथिओपियात दुष्काळग्रस्तांच्या छावणीत राबणारी शीला हेवुड. पंधराच्या आतबाहेरचं पोर कुणालाही न सांगता विमानात बसतं आणि आई शोधायला निघतं.

या कथेतले योगायोग पचायला जड आहेत हे मान्य करायलाच हवं. जेसन लेबनॉनला जातो आणि नेमका जोकर क्षेपणास्त्र विकायला लेबनॉनलाच. जेसन इथिओपियाला जातो तर जोकरही तिथे हजर. आजच्या संपादकाने हे परत पाठवलं असतं. तरीही मला ते दोन अंक पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात, कारण मुलाच्या मनाचा धागा कुठेही तुटत नाही. सगळ्या मारामारीच्या आड तो एकच गोष्ट करत असतो: दारोदार जाऊन, तू माझी आई आहेस का, असं विचारत असतो.

शीला त्याची आई निघते. दोघं एकमेकांना मिठी मारतात, आणि काही पानांपुरता जेसन खरोखर सुखी दिसतो. पण बॅटमॅनच्या शहरात, गॉथममध्ये, असताना तिने बेकायदा शस्त्रक्रिया केलेल्या असतात, त्याचा दाखला जोकरच्या हाती असतो आणि त्या जोरावर तो छावणीची औषधं पळवतो. शीलाने स्वतःही मदतीच्या पैशावर हात मारलेला असतो. आईला वाचवायचं म्हणून जेसन आपण रॉबिन असल्याचं तिला सांगून टाकतो. ती त्याला गोदामात नेते आणि जोकरच्या ताब्यात देते.

मग तो प्रसंग येतो. जोकरच्या हातात कटावणी. अपारो घाव थेट फारसे दाखवत नाही. वर उचललेला हात, जोकरचा चेहरा, रक्ताचे थेंब. आणि मध्येच शीला, तोंड फिरवून सिगारेट ओढत उभी. मला या पानावर सगळ्यांत जास्त छळते ती सिगारेट. जोकर वेडा आहे, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नसते. पण ही बाई शुद्धीत आहे, आवाज ऐकते आहे, आणि झुरका घेते आहे. काम झाल्यावर जोकर तिलाही बांधून घालतो, बाँबचं घड्याळ लावतो आणि निघून जातो. हाडं मोडलेला जेसन सरपटत तिच्यापर्यंत जातो, तिला सोडवतो. दोघं दारापर्यंत पोहोचतात. दार बाहेरून बंद असतं. बॅटमॅनच्या डोळ्यांदेखत गोदाम उडतं. पुढच्या अंकात मरता मरता शीला त्याला सांगते की स्फोटाच्या वेळी पोराने तिला आपल्या अंगाखाली घेतलं होतं.

विकणाऱ्या आईला पाठीशी घालून मेलेला मुलगा. जेसन टॉडबद्दल जे काही पुढे लिहिलं गेलं, त्यात या एका गोष्टीच्या तोडीचं मला काही सापडलेलं नाही.

फोनवरचं मतदान

हे मरण लेखकाने एकट्याने ठरवलं नाही. ४२७ वा अंक स्फोटापाशी थांबतो आणि वाचकांपुढे दोन फोन क्रमांक ठेवतो, एक तो जगावा यासाठी आणि एक मरावा यासाठी. १५ आणि १६ सप्टेंबर १९८८, एका फोनला ५० सेंट. मरावा म्हणणारे फोन आले ५,३४३ आणि जगावा म्हणणारे ५,२७१. फरक ७२ चा. ४२८ व्या अंकाची दोन्ही रूपं तयार होती. जेसन जिवंत सापडल्याचं पानही अपारोने काढून ठेवलं होतं आणि ते बऱ्याच वर्षांनी छापलं गेलं.

कल्पना संपादक डेनिस ओ'नील यांची. स्टार्लिनला तर रॉबिन मुळातच नको होता. लहान मुलाला भडक रंगांचे कपडे घालून बंदूकवाल्या गुंडांपुढे नेणं हा त्या मुलाचा छळ आहे, असं त्याने पुढे मुलाखतींत उघड सांगितलं आहे. त्याचं म्हणणं मला पटतं, पण त्यावरचा उपाय म्हणून त्या मुलालाच मारणं पटत नाही. या मतदानाची चर्चा इतकी झाली की मुलाची गोष्ट त्याखाली दबून गेली. नव्या वाचकाला ७२ चा आकडा पाठ असतो, पण शीला हेवुड हे नाव ऐकलेलं नसतं. म्हणूनच आकडा ठाऊक असला तरी अंक वाचलेच पाहिजेत असा माझा आग्रह आहे.

उरलेल्या दोन अंकांबद्दल मात्र आग्रह नाही. ४२८ मध्ये बॅटमॅन ढिगाऱ्यातून जेसनचं शरीर उचलून आणतो, ती पानं बघावीत. मग इराणचा खोमेनी जोकरला संयुक्त राष्ट्रांतला राजदूत नेमतो, जोकर अरबी पेहराव करून आमसभेत विषारी वायू सोडायला जातो, सुपरमॅन येऊन तो वायू गिळून टाकतो. ज्या भागात ही कथा फिरते तिथली माणसं दहशतवाद्यांपलीकडे दिसतच नाहीत, आणि आज ते फार खटकतं. मुलाच्या चितेवर जत्रा भरवल्यासारखं होतं. एकच जागा महत्त्वाची आहे: अगदी शेवटी गोळी लागलेल्या जोकरला कोसळणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये सोडून बॅटमॅन बाहेर पडतो. जोकरचा मृतदेह मिळत नाही. आमच्या दोघांचं नेहमी असंच अर्धवट राहतं, अशा अर्थाचं काहीतरी बॅटमॅन म्हणतो आणि कथा थांबते. हे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या पुस्तकाचा सगळा वाद इथूनच उभा राहतो.

२००५: परत आलेल्याचा सवाल

'अंडर द हूड' 'बॅटमॅन'च्या ६३५ ते ६४१ आणि ६४५ ते ६५० या अंकांत आली, शिवाय २५ व्या वार्षिकांकात तिचा एक तुकडा आहे. लेखक जड विनिक, चित्रं बहुतांशी डग मान्केची. गॉथममध्ये रेड हूड नावाचा नवा माणूस उगवतो आणि अंमली पदार्थांचा धंदा ताब्यात घेऊ लागतो. त्याची अट एकच: शाळांच्या आसपास फिरकायचं नाही, पोरांना माल विकायचा नाही. मोडला नियम की मेला. गुन्हेगारी संपत नाही, मग ती मुठीत ठेवायची, हा त्याचा हिशेब. नावही मुद्दाम घेतलेलं आहे. १९५१ सालच्या एका कथेपासून जोकर हाच पूर्वीचा रेड हूड मानला गेला आहे; म्हणजे आपल्या मारेकऱ्याचं जुनं नाव जेसनने अंगावर घेतलंय.

नशेने आई गमावलेल्या मुलाने पोरांपासून नशा दूर ठेवायला टोळीप्रमुख व्हावं, ही विनिकची कल्पना मला फार मोलाची वाटते. १९८७ च्या त्या चाकं चोरणाऱ्या पोराशी तिचं नातं आहे. दुर्दैवाने पुस्तक त्यावर थांबत नाही. ते हाणामारीत रमतं. मिस्टर फ्रीझ येतो, ॲमेझो नावाचा यंत्रमानव येतो, डेथस्ट्रोक येतो. ब्लॅक मास्क हा टोळीप्रमुख पानोपानी आरडाओरडा करत असतो. शिवाय ही कथा त्या काळच्या 'इन्फिनिट क्रायसिस' या महाकथेत अडकलेली आहे. मधले तीन अंक दुसऱ्याच गोष्टींना गेलेत, आणि जेसन जिवंत कसा झाला याचं उत्तर असं की दुसऱ्या एका विश्वातला सुपरबॉय वास्तवाच्या भिंतीवर गुद्दे मारतो, त्याच्या हादऱ्यांनी मेलेला जेसन शवपेटीत जागा होतो. पुढे बॅटमॅनचा जुना शत्रू रास अल घूल याची मुलगी तालिया त्याला लाझरस कुंडात, म्हणजे माणसाला पुन्हा धड करणाऱ्या जादुई कुंडात, उतरवते. शेन डेव्हिसने काढलेल्या वार्षिकांकात शवपेटी नखांनी फोडून चिखलातून वर येणारा मुलगा अंगावर काटा आणतो. पण कारण वाचून नवखा वाचक पुस्तक मिटून ठेवण्याचीच शक्यता जास्त.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. २००४ मध्ये स्टेफनी ब्राउन ही मुलगी थोडे दिवस रॉबिन होती. याच ब्लॅक मास्कने तिचा छळ केला आणि त्यात ती मेली असं तेव्हा लिहिलं गेलं. 'अंडर द हूड' लगेच त्यानंतरची, खलनायकही तोच. जेसनचा पोशाख काचेच्या पेटीत ठेवून बॅटमॅनच्या गुहेत जपलाय, स्टेफनीची मात्र तशी आठवण नाही. वाचकांनी यावर तेव्हाच आवाज उठवला होता आणि तो रास्त होता. पुढे ती जिवंत असल्याचं दाखवलं गेलं, तरी कुठल्या मुलाचं मरण मोजलं जातं आणि कुठल्या मुलीचं नाही, हे या दोन कथा लागोपाठ वाचताना लपत नाही.

पुस्तकाचा प्राण शेवटच्या प्रसंगात आहे. क्राइम ॲलीतली एक खोली, जेसन, बॅटमॅन आणि मुसक्या बांधलेला जोकर. आपण मेलो याचा जेसनला राग नाही. बॅटमॅनला वेळेवर पोहोचता आलं नाही हेही त्याने माफ केलंय. त्याचा सवाल एवढाच: हा अजून जिवंत का? मी पेंग्विनला मार म्हणत नाही, स्केअरक्रोला मार म्हणत नाही, फक्त याला, कारण याने मला तुझ्यापासून हिरावलं. बॅटमॅन म्हणतो, जड जातं म्हणून नव्हे, फार सोपं जाईल म्हणून मी ते करत नाही. एकदा त्या वाटेला लागलो की परत येणं नाही. जेसन त्याच्या हातात पिस्तूल देतो आणि स्वतः दुसरं जोकरच्या डोक्याला लावतो. एकतर मला मार, नाहीतर मी याला मारतो.

आता १९८८ चं हेलिकॉप्टर आठवा. तिथला बॅटमॅन जोकरला मरायला सोडून आलाच होता. जोकर वाचला तो नशिबाने. विनिकचा बॅटमॅन तत्त्वाची भाषा बोलतो, आणि ती भाषा प्रामाणिक आहे, पण मेलेल्या मुलासाठी त्याने एकदा ती रेषा जवळपास ओलांडली होती हे तो जेसनला सांगत नाही. तेवढं एक वाक्य त्या खोलीत बोललं गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार दोन्ही वाचलेल्यालाच सुचू शकतो. फक्त रेड हूड वाचणाऱ्याला जेसनची बाजू सोपी वाटते. दोन्ही वाचणाऱ्याला कुणाचीच बाजू सोपी राहत नाही.

पुस्तकात बॅटमॅनचं फेकलेलं पातं जेसनला मानेजवळ लागतं, पाठोपाठ स्फोट होतो आणि शेवट तसाच लोंबकळत राहतो.

चित्रपटाने काय कमावलं, काय गमावलं

चित्रपटही विनिकनेच लिहिला, दिग्दर्शन ब्रँडन व्हिएटीचं, लांबी जेमतेम सव्वा तास. स्वतःच्या पुस्तकातली अडगळ लेखकाने स्वतः उचलून फेकल्याचं इतकं चांगलं उदाहरण कॉमिक्समध्ये क्वचित दिसेल. वास्तवाची भिंत गेली. त्याऐवजी रास अल घूलने बॅटमॅनला अडकवून ठेवायला जोकरला हाताशी धरलेलं असतं, मुलगा मेल्यावर रासला अपराधी वाटतं आणि तोच लाझरस कुंड वापरतो. सरळ, माणसाला समजेल असं कारण. जेन्सन ॲकल्सच्या आवाजात शेवटचा प्रसंग ऐकताना सवालातला हट्टीपणा आणि रडू एकत्र कळतं, तसं ते छापील फुग्यांत कळत नाही. बॅटमॅनला ब्रूस ग्रीनवुडचा आवाज आहे, जोकरला जॉन डीमॅजिओचा. पहिल्याच प्रसंगात हा जोकर कटावणी चालवता चालवता विचारतो, कुठला फटका जास्त लागतो, सुलटा की उलटा? जेसन उत्तरादाखल त्याच्या तोंडावर रक्त थुंकतो. शेवटी पातं थेट पिस्तुलाच्या नळीत अडकतं, ते जेसनच्या हातात फुटतं. पुस्तकातल्या मानेवरच्या जखमेपेक्षा हे मला योग्य वाटतं, कारण बॅटमॅन मुलाचं रक्त काढून जोकरला वाचवतो हे दृश्य कथेला पेलत नाही. मधल्या आठवणींमध्ये चाकं चोरणारा जेसन आहे, हसणारा रॉबिन आहे, आणि एका मवाल्याचं गळ्याजवळचं हाड चिरडून बॅटमॅनला सुन्न करणारा मोठा रॉबिनही आहे. बाल्कनीतला प्रश्न त्यातून निराळ्या वाटेने परत येतो.

गमावलं काय? आई. चित्रपटात शीला हेवुड नाहीच. इथिओपिया नाही, जन्मदाखला नाही, शोध नाही. जेसन रास अल घूलच्या कारस्थानात साराजेव्होत सापडतो आणि मरतो. मुलगा वडिलांच्या नजरेत कमी पडला, एवढीच गोष्ट उरते. सव्वा तासात हे बसवणं भाग होतं हे समजतं. पण आईला सोडवायला सरपटत गेलेला जेसन ज्याला ठाऊक नाही, त्याला हा फक्त बापावर रागावलेला तरुण वाटतो. त्याचा चांगुलपणा पाहायचा असेल तर १९८८ ला जावंच लागतं.

मग घ्यायचं काय

कॉमिक्सची अजिबात सवय नसेल, आणि जुनी, सपाट रंगांची छपाई बघून मन मागे हटत असेल, तर चित्रपट आधी बघायला हरकत नाही. फक्त तिथे थांबू नका. घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी विचारत असाल तर दोन्ही कथा आधी स्वतः वाचा. कटावणीचा प्रसंग तिन्ही ठिकाणी आहे आणि चित्रपटात तो आवाजासकट असल्यामुळे सर्वांत जड जातो. १९८८ च्या पहिल्या पानांवरचा विषयही लहानांसाठी नाही. खलनायक, शस्त्रं, टोळीयुद्ध यांत रस असेल आणि बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या प्रकाशनसंस्थेच्या बाकीच्या मालिका आधीच वाचत असाल, तर २००५ चं पुस्तक तुम्हाला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त आवडेल, कारण मला जी अडगळ वाटते ती तुमच्या ओळखीची माणसं असतील.

विकत घेताना नावांकडे नीट लक्ष द्या. 'अंडर द हूड' आधी दोन खंडांत निघाली होती. २०११ मध्ये 'अंडर द रेड हूड' या चित्रपटाच्याच नावाने ती एका खंडात आली आणि त्यात वार्षिकांकही आहे. तीच आवृत्ती घ्या, नुसता पहिला खंड घेऊ नका. 'अ डेथ इन द फॅमिली'च्या २०११ च्या आवृत्तीत तिसऱ्या रॉबिनची, टिम ड्रेकची, पहिली कथाही जोडलेली आहे. जेसन गेल्यावर बॅटमॅन किती बेफाम झाला होता आणि एका तेरा वर्षांच्या मुलाला ते आधी कसं दिसलं, हे तिच्यात आहे, त्यामुळे थोडे जास्त पैसे गेले तरी तीच बरी. बाल्कनीचा ४२४ वा अंक या दोन्ही पुस्तकांत नाही, तो वेगळा मिळवावा लागेल.